गळ्यावरचा माज

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा शाळेच्या आठवणी लिहून उठलो. शाळेच्या आठवणी लिहिणं सोपं असतं, त्यात आपण कधी वाईट नसतो.

या वर्षी आमच्या निसर्गमंडळाची स्मरणिका आली. मुखपृष्ठावर सांबराचा फोटो. पाणवठ्याच्या चिखलातून नुकताच उठलेला नर, अंगावरून ओला गाळ गळतोय, शिंगात गवताचा पुंजका, आणि गळ्याखाली रुपयाहून मोठा लालभडक डाग. खाली ओळ छापलीय : ‘फाशातून सुटलेले जखमी सांबर. छायाचित्र : आमचे दिवंगत सदस्य.’

एवढ्याशा ओळीत तीन खोट्या गोष्टी. सांबर फाशात कधी अडकलं नव्हतं. ते जखमी नव्हतं. आणि फोटो काढणारा माणूस गेला तेव्हा मंडळाचा सदस्य नव्हता, कारण मंडळानं त्याला काढून टाकलं होतं. हे मला नक्की ठाऊक आहे. काढून टाकल्याचा ठराव माझ्या अक्षरात आहे.

मी शाळामास्तर. अठरा वर्षं मंडळाचा चिटणीस होतो. जंगलातलं फार कळत होतं म्हणून नव्हे, अक्षर चांगलं होतं म्हणून. आता मंडळातल्या कुणाला हे वाचून राग येईल तर येऊ दे. माझं वय एकोणसत्तर आहे, पेन्शन सुरू आहे, पाठ आता खरंच दुखते. पाठीचं का सांगतोय ते पुढे कळेल.

त्यांचं नाव लिहीत नाही. मुरुडात ओळखायला नावाची गरज नाही आणि बाहेरच्यांना नाव सांगून उपयोग नाही. सगळे त्यांना फोटोवाले म्हणत. मी भाऊ म्हणायचो. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे.

एस.टी. स्टँडवरून समुद्राकडे जाताना त्यांचा स्टुडिओ होता. एक खोली, एक स्टूल, मागे निळा पडदा. पासपोर्टचे, शाळेच्या दाखल्याचे, लग्नाच्या स्थळाचे फोटो ते काढत. पण फोटोत काहीही बदलून द्यायला ते तयार नसत. एकदा तळ्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते, मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

“जरा उजळ येऊंद्या फोटो,” गृहस्थ म्हणाले.

“उजळ करायला भिंत आहे का ती? चुना हवा तर दोन दुकानं सोडून मिळतो.”

“तसं नाय हो. सगळे करून देतात. आणि हा गालावरचा तीळ तेवढा काढा.”

“तीळ कोणाचा?”

“हिचा.”

“मग हिला विचारा.”

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, “ऱ्हाऊंदे.” भाऊंनी तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो पुढे कित्येक वर्षं काउंटरच्या काचेखाली होता, आणि तसा फोटो मी त्या स्टुडिओत दुसरा पाहिला नाही.

दसरा झाला की दुकानाबाहेर खडूनं लिहिलेली पाटी लागायची : ‘माज सुरू आहे. दुपारी तीननंतर यावे.’ ती कार्तिक सरेपर्यंत राहायची. मुंबईचे पर्यटक त्या पाटीचेच फोटो काढून जात. कुणी विचारायचं, “काय फोटोवाले, माज कुणाचा, तुमचा का?”

“माझा बारमाही असतो. हा सांबरांचा आहे.”

या शब्दावर त्यांचं फार प्रेम होतं. म्हणायचे, गाय माजावर येते हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्यात दूध असतं. नराच्या माजाकडे कुणी बघत नाही. पावसात सांबराची शिंगं कोवळी असतात, मखमलीसारखी. भाद्रपद संपता संपता ती वाळतात, टणक होतात, आणि मग तो प्राणी बदलतो. एरवी पान हललं तर पळणारा, तो आता चिखलात लोळतो, झाडाची साल शिंगांनी सोलतो, मागच्या पायांवर उभा राहून वरच्या फांदीला शिंगं लावतो, दुसऱ्या नराला हाका घालतो. “वर्षातून दीड महिना तो घाबरत नाही,” भाऊ म्हणायचे. “माज म्हणजे तेवढंच. घाबरायचं सोडणं. माणसानं त्याची शिवी केली.”

त्या दीड महिन्यात ते स्वतः जे काही करत ते घरातल्यांनी कसं सोसलं देव जाणे. साबण बंद. डोक्याला तेल बंद. एकच खाकी सदरा, तो धुवायचा नाही, गोठ्यात टांगून ठेवायचा. आणि मासे बंद. मुरुडसारख्या गावात, जिथे सकाळी बंदरावरून आलेली बोंबील-मांदेली दुपारी पानात असतात, तिथे हा माणूस दीड महिना वरण-भात खायचा, कारण माशाचा वास घामात उतरतो आणि सांबराला तो लांबून कळतो असं त्यांचं म्हणणं.

वहिनी मला सांगायच्या, “सोमवार धरीत नाय, चतुर्थी धरीत नाय. देवासाठी एक दिवस सुटत नाय तोंडातली मांदेली. आणि सांबरासाठी बघा कसे व्रत करतायत.”

“देव वास घेत नाही,” आतून आवाज यायचा.

“घेत असता तर या घरात आला असता का?” वहिनी म्हणायच्या.

जंगलाच्या फाट्यापर्यंत ते सकाळच्या एस.टी.नं जात. कंडक्टर ओळखीचा. म्हणायचा, “आले फोटोवाले. खिडक्या उघडा रे. भाऊ, मागं बकरी हाय एकाची, तिच्या बाजूला बसा, तुमचं जमंल.” भाऊ खरोखर जाऊन बकरीशेजारी बसायचे. सांगायचे, सबंध गाडीत पावडर न लावलेली तीच एक होती.

लोक म्हणत विक्षिप्त. ते होतेच. फोटो ‘काढला’ असं त्यांना चालत नसे. “तुमचा काढतात. सांबराचा मिळतो.” बोट दाबून धरलं की वीस-तीस फोटो घेणारे कॅमेरे आले तेव्हा त्यांनी तसला कॅमेरा घेतला, पण ती सोय कधी वापरली नाही. ढिगातून एक निवडणाऱ्याला ते भंगारवाला म्हणायचे. एकदा दिवाळीच्या सुट्टीत फाट्यावर मुंबईची एक गाडी उभी होती आणि एक गृहस्थ हातभर लांब लेन्स तिकाटण्यावर चढवत होते. भाऊ थांबले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, “किल्ल्यावर शोभेल अशी तोफ आहे. दारू आणलीत का?” त्या भल्या माणसानं गाडीकडे बोट दाखवलं. “आहे ना, डिकीत. पण आत घेऊन जाता येते का?” भाऊ हे सांगताना हसत नसत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त हसू यायचं.

आता माझं सांगतो. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, आणि त्यांचा मला राग यायचा. दोन्ही एकाच वेळी. त्यांना वाटेल ते बोलायची सवय होती आणि समोर कोण आहे हे ते बघत नसत. माझी इतिवृत्तं वाचून म्हणायचे, “मास्तर, तुमच्या वहीत माणसं बोलतच नाहीत. फक्त चर्चा होते आणि ती पार पडते.” हे मी हसून सोडलं. पण एकदा शाळेची मुलं घेऊन मी जंगलात गेलो होतो, भाऊ माहिती सांगायला सोबत. एका ऐनाच्या खोडावर साल सोललेली होती. मी मुलांना सांगितलं की ही बिबळ्यानं नखं मारल्याची खूण. मागून भाऊ म्हणाले, “बिबळ्या काय सुतार आहे का, रंधा मारायला? सांबरानं शिंग घासलंय ते.” चाळीस मुलं हसली. पुढे वर्षभर मी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून ‘सुतार’ असा बारीक आवाज यायचा.

लहान गोष्ट आहे. पण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी तीही होती, म्हणून लिहिली. सगळं भीतीवर ढकललं तर ते अर्धंच खरं होईल.

त्या वर्षी निवडणूक होती. मला केंद्राध्यक्षाची ड्युटी लागली होती आणि प्रशिक्षणाचा दिवस कार्तिकात आला. मास्तरलोकांना विचारा, त्या प्रशिक्षणाला कुणी हौसेनं जात नाही. भाऊ आदल्या आठवड्यात म्हणाले होते, “एकदा लपणात येऊन बसा मास्तर. सांबरं पुढच्या वर्षीही असतील. तुमच्या गुडघ्यांचं सांगता येत नाही.” मी ओळखीच्या डॉक्टरकडून पाठदुखीचा दाखला घेतला, शाळेत पाठवला, आणि ज्या दिवशी प्रशिक्षणात असायला हवं होतं त्या दिवशी सकाळी भाऊंबरोबर जंगलात गेलो. त्यांच्याकडे लपणात, म्हणजे जनावरं बघायच्या आडोशात, बसण्याचा वनखात्याचा पास होता. मंडळाच्या शिफारशीवर मिळायचा. पासावर त्यांचं नाव आणि पुढे ‘व एक सोबती’ एवढंच. सोबत्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती.

आमच्याकडे जंगलातल्या पाणवठ्याला गाण म्हणतात. भाऊंचं लपण गाणीच्या समुद्राकडल्या अंगाला होतं, कारण सकाळी वारा डोंगरावरून खाली समुद्राकडे वाहतो. सांबराचा वास आपल्याकडे येतो, आपला त्याच्याकडे जात नाही. आत एकच स्टूल होतं, ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः गोणपाटावर बसले. उजाडून बराच वेळ झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग वास आला, बोकडासारखा उग्र, आणि त्याच्यामागून तो आला.

मी सांबर आधी पाहिलं होतं, सगळ्यांसारखं, रस्ता ओलांडून पळताना. हे तसं नव्हतं. तो सावकाश चिखलात उतरला, लोळला, उठला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि डोक्यावरची किंजळाची फांदी शिंगांनी अशी झोडली की पानं आमच्या लपणावर पडली. मी भाऊंचा दंड घट्ट धरला होता हे मला नंतर कळलं. तो आमच्यापासून दहा-बारा हातांवर येऊन थांबला आणि मान वर केली. तेव्हा गळ्यावरचा डाग दिसला. केस गेलेले, लाल, ओला.

“जखमी आहे हो,” मी कुजबुजलो.

“जखम नाय. माज.”

मग त्यांनी बटण दाबलं. एकदाच. त्या आवाजानं सांबरानं शेपटी उभारली, कानठळ्या बसतील असं एकदा ओरडलं आणि तीन उड्यांत झाडीत गेलं. धडधाकट, चारही पायांवर.

“एकच घेतलात?” मी विचारलं.

“एकदा विचारलं, त्यानं सांगितलं. परत परत काय विचारायचं?”

उतरताना त्यांनी मला समजावलं. माजाच्या दिवसांत सांबराच्या गळ्याखाली असा डाग उमटतो, केस झडतात, पाणी सुटतं, मोसम सरला की बुजतो. इतकी वर्षं ते पाहत आले होते. अलीकडे मी या विषयावर थोडं वाचलं. कुणी म्हणतात ती ग्रंथी, कुणी म्हणतात बारीक जंतांमुळे होतं. जाणत्यांनी ते ठरवावं. तारेचा फास नव्हता एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण तो गळा मी दहा हातांवरून पाहिलाय. त्याच्याभोवती कापल्याचा वळ नव्हता.

हे मी आज सांगतोय. सांगायची वेळ होती तेव्हा काय केलं ते आता लिहितो.

महिन्याभरानं मंडळाचं छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. परीक्षक मुंबईहून आले होते. वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, कोपऱ्यातल्या टेबलाशी वही घेऊन मी. परीक्षक भाऊंच्या फोटोसमोर थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे जनावर फाशात अडकलेलं आहे. गळा बघा. आणि मोकळं सांबर एवढ्या जवळून कुणाला मिळत नाही. आधी अडकवलंय, मग फोटो काढलाय.”

भाऊ भिंतीला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, “तो माज आहे.”

“काय म्हणालात?”

“माज. माज आलाय.”

परीक्षकांचा चेहरा लाल झाला. “कुणाला म्हणताय?”

मागे कुणीतरी खिदळलं. मग बरेच जण हसले. आमचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक, उभे राहिले आणि म्हणाले, “माज कुणाला आलाय ते दिसतंच आहे.” त्यावर आणखी मोठा हशा.

मीही हसलो. ओठ मिटून, खाली मान घालून, पण हसलो. बिबळ्या, रंधा, सुतार, सगळं त्या हसण्यात वसूल झालं. त्यांचा माज एकदा उतरावा असं मलाही वाटत होतं.

अध्यक्षांनी विचारलं, “तुम्ही फास लावला नाहीत, याला पुरावा काय?”

भाऊ म्हणाले, “पासावर एक सोबती होता. त्यानं सगळं पाहिलंय.”

“कोण? नाव सांगा.”

“त्याचं तो सांगेल. सांगायचं असेल तर.”

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फोटोकडे बघत होते. प्रशिक्षण चुकवल्याचं, खोटा दाखला घेतल्याचं त्यांना ठाऊक होतं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते हेही. मी उभा राहिलो असतो तर निलंबन ठरलेलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी वहीत डोकं घालून लिहीत राहिलो. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, “आहे का इथे कुणी असा?” मी तो प्रश्नही लिहून घेतला.

कच्च्या कागदावर मी लिहिलं होतं : ‘सोबतच्या व्यक्तीचे नाव त्यांनी सांगितले नाही.’ हे खरं होतं. घरी गेलो, पक्की वही काढली. ते वाक्य उतरवताना हात थांबला. ‘सांगितले नाही’ म्हटलं की असा माणूस आहे, आणि कुणीतरी पुढे कधीतरी विचारणार, कोण तो? मी लिहिलं : ‘सोबतच्या व्यक्तीचे नाव ते सांगू शकले नाहीत.’

‘शकले’ हा शब्द मी घातला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. घरी, माझ्या टेबलावर, चहा पीत. त्या एका शब्दानं सोबती नाहीसा झाला आणि भाऊ खोटारडे ठरले. त्याच इतिवृत्ताच्या आधारानं पुढच्या सभेत त्यांना मंडळातून काढलं. मंडळाची शिफारस गेली तसा लपणाचा पासही गेला. चौकशी नाही, तक्रार नाही. वही पुरली.

ठरावाची प्रत मीच त्यांना पाठवली. तीन-चार दिवसांनी बाजारात समोरासमोर आलो. मी म्हटलं, आता हा माणूस चारचौघांत माझी अब्रू काढणार. त्यांचा स्वभाव तसाच होता. ते म्हणाले, “मास्तर, अक्षर झकास आहे तुमचं,” आणि कोळणीशी सुरमईचा भाव करायला लागले.

आठवड्याभरात तो फोटो मोठा करून त्यांनी दुकानाच्या काचेत लावला. खाली स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात कार्ड : ‘ही जखम नाही. हा माज आहे. शंका असल्यास आत यावे.’ अध्यक्षांनी निरोप धाडला की फोटो उतरवा, मंडळाची बदनामी होते. भाऊंनी निरोप्याला चहा पाजला आणि सांगितलं, “काच माझी, सांबर जंगलाचं. यात मंडळाचं काय आहे ते लेखी कळवा. चिटणीसांचं अक्षर चांगलं आहे.” दहा वर्षं तो फोटो तिथे होता. उन्हानं हिरवा रंग उडाला, लाल तेवढा राहिला.

ते पुन्हा लपणात बसले नाहीत. पण दसरा आला की साबण, तेल, मासे, सगळं बंद. पाटीही लागायची. सकाळच्या गाडीनं फाट्यावर जायचे आणि रस्त्याकडेच्या मोरीवर बसून राहायचे. जंगलाच्या हद्दीबाहेर, डांबरी रस्त्यावर. आत हाका चालू असायच्या, त्या ऐकायचे. एकदा एस.टी.च्या खिडकीतून मी त्यांना पाहिलं. कंडक्टरनं गाडी हळू करून विचारलं, “आज कॅमेरा नाय भाऊ?”

“ऐकायला पास लागत नाही.”

मी पुढच्या सीटवर मान खाली घातली. मग मी दुकानासमोरून जाणंही सोडलं, समुद्राकडच्या गल्लीतून जायचो. निवृत्तीच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. त्यासाठी मी बायकोला एस.टी.त बसवून म्हसळ्याला नेलं. ती चिडली. “मुरुडातला फोटोवाला मेला का? ओळखीचा माणूस सोडून एवढ्या लांब कशाला?” मी म्हटलं, तिकडचा फोटो स्वच्छ येतो. फोटोत आम्ही दोघंही चिडलेले दिसतो.

चौदा महिने भीती होती, ते समजू शकतो. त्यानंतर माझ्याकडे काहीच कारण नव्हतं. दाखल्याची गोष्ट कुणी उकरून काढणार नव्हतं. तरी पुढची जवळजवळ नऊ वर्षं मी गप्प राहिलो. उशीर झाला की उशीर हेच कारण होऊन बसतं. आता सांगितलं तर लोक विचारतील, इतके दिवस कुठे होतात? म्हणून आणखी थोडे दिवस.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचा फोन आला. “मास्तर, येऊन जा एकदा. ते काय बोलवायचे नायत, मीच बोलावते.” गेलो. भाऊ खिडकीपाशी कॉटवर होते, पार वाळले होते. मला बघून म्हणाले, “या. सुतार आले.” बरं वाटलं मला ते. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी घरून सगळं ठरवून आलो होतो, काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. “भाऊ,” मी म्हटलं, “त्या दिवशी हॉलमध्ये...”

त्यांनी हात वर केला.

“मला काय सांगता, मास्तर? मी होतो की तिथे.”

“तरी मला बोलायचंय.”

“मग जे नव्हते त्यांना सांगा. हसले त्यांना सांगा. इथे कॉटपाशी कानात माफी मागायची, मी डोळे पुसायचे, तुम्ही मोकळे. आणि वहीत मी तसाच, शकले नाहीत.” त्यांना धाप लागली, पण थांबले नाहीत. “असली माफी मला नको. मंडळाची सभा असते ना महिन्यातून? उभे राहा आणि बोला. मी ऐकायला नसलो तरी चालेल.”

वहिनी चहा घेऊन आल्या. भाऊ त्यांना म्हणाले, “मास्तरांना बिनसाखरेचा दे, त्यांचं काम आहे पुढे.” त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. या वर्षी फाट्यावर जाता आलं नाही, तरी पहाटे वाऱ्यावर हाक ऐकू येते म्हणाले. जंगल तिथून बरंच लांब आहे. मी म्हटलं, येत असेल.

सभा पुढच्या रविवारी होती. मी काय बोलायचं ते लिहून काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. भाऊ गुरुवारी गेले.

रविवारी हॉल भरलेला होता. त्यांना हसलेली बरीच माणसं होती. चिटणीस अजून मीच होतो, वही समोर होती. अध्यक्ष म्हणाले, आपल्या गावचे ज्येष्ठ छायाचित्रकार परवा आपल्यातून गेले, मतभेद असतील, पण माणूस मोठा होता. मी खिशातला कागद काढला आणि बोलायला उभा राहिलो. त्याच क्षणी अध्यक्ष म्हणाले, “आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.” खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल माझ्याबरोबर उभा राहिला. दोन मिनिटं सगळे माना खाली घालून गप्प उभे होते. मीही उभा होतो, कागद हातात. मग अध्यक्षांनी आभार मानले, सगळे बसले, आणि मीही बसलो.